निरोगी दिसणारें झाड

श्रोतेहो, पिंपळे गुरव येथें मी राहतों. आमच्या बाजूनें पवनेवरचा पूल ओलांडला कीं दापोडी लागते. आज तेथें रेल्वेचें स्थानक, कारखाने आणि दाट वस्ती आहे. परंतु 1828 सालीं मुंबई सरकारनें याच दापोडीस एक वनस्पतिउद्यान वसविलें होतें. इंग्रज अधिकारी त्या गांवास 'दापुरी' म्हणत. दूरदेशींचीं उपयुक्त झाडें आणावीं, तीं या हवेंत रुजतात कीं नाहीं तें पाहावें आणि जीं रुजतील त्यांचीं रोपें व बियाणें बाहेर द्यावीं, असें त्या बागेचें काम होतें. तें उद्यान आतां राहिलेलें नाहीं. मुळेच्या पलीकडे गणेशखिंडींत 1873 सालीं स्थापन झालेली बाग मात्र अजून उभी आहे.

अशा बागांना आपण झाडांचे संग्रह म्हणूं. पुस्तकांचा किंवा नाण्यांचा संग्रह आपल्या जागीं स्वस्थ असतो. झाडांचा संग्रह मात्र सतत बाहेर पसरत असतो, आणि त्यासाठींच तो केलेला असतो. एका चांगल्या झाडाच्या फांद्यांवरून वर्षांत हजारों कलमें होऊं शकतात. तीं दहा गांवांत जातात, आणि त्या गांवांतून पुनः शंभर गांवांत. मूळ झाड निरोगी असेल तर हा दानधर्म मोठा आहे. तें रोगी असेल तर त्याच वाटेनें रोगहि घरोघर जातो, आणि तो नेणाराला आपण काय नेत आहों याचा पत्ताहि नसतो. म्हणून फळझाडांच्या संग्रहाची रोगतपासणी कशी करतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो आमच्या इमारतींतील एका गृहस्थांमुळें. भोसरीच्या एका कारखान्यांत उभी हयात नोकरी करून ते निवृत्त झाले. गांव काटोलकडचें, तेथें वडिलार्जित साडेचार एकर जमीन आहे. एके संध्याकाळीं ते मजकडे येऊन म्हणाले, "सर, वडिलांनीं लावलेल्या बागेंतलें संत्र्याचें एकच झाड आतां उरलें आहे. पस्तीस वर्षें झालीं. अजून फळांनीं लदतें. पान हिरवेंगार, साल स्वच्छ. त्याचेच डोळे घेऊन पांचशें कलमें बांधून घ्यावीं असा विचार आहे. रोपवाटिकेवाला म्हणतो, खुंट रंगपूर लिंबाचा घ्या. एवढें निरोगी झाड घरचें असतां दुसऱ्याच्या दारांत कशाला जावें?"

मीं विचारलें, "वडिलांचें झाड कोणत्या खुंटावर आहे?"

"जंबेरीच्या. त्या वेळीं सगळे जंबेरीवरच बांधीत."

त्यांच्या या उत्तरांतच काळजीचें कारण होतें. तें कसें, हें समजण्यासाठीं कलम म्हणजे काय तें प्रथम पाहूं.

नागपुरी संत्र्याचें कलम हें दोन झाडांचें मिळून एक झाड असतें. जमिनींतील मुळें आणि बुंध्याचा तळ जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो. त्यास खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालींत चीर पाडून संत्र्याच्या फांदीवरील एक डोळा बसवितात, व त्या डोळ्यापासून वरचें सर्व झाड वाढतें. डोळा म्हणजे मातृवृक्षाच्या शरीराचा एक जिवंत तुकडा. त्याच्या रसांत जें असेल तें सर्व नव्या झाडांत उतरतें. बियांची गोष्ट निराळी आहे. लिंबूवर्गांतील बहुतेक विषाणु बींत शिरत नाहींत. म्हणून आईचें झाड रोगी असलें तरी तिच्या बीपासून झालेलें रोप बहुधा नवा जन्म घेतल्यासारखें स्वच्छ असतें. परंतु बीचें झाड काटेरी होतें व फळास फार उशीर लावतें. शेतकऱ्यानें डोळ्याची वाट धरली ती त्यामुळें. आणि तिच्याबरोबर तिचा धोकाहि पत्करला.

आतां खरा प्रश्न असा कीं, झाड रोगी असून निरोगी दिसेल काय? या प्रश्नाचें उत्तर दक्षिण अमेरिकेनें फार महाग किंमत देऊन मिळविलें. 1930 ते 1950 या काळांत अर्जेंटिना व ब्राझील या देशांत मोसंबीच्या जातीचीं लक्षावधि झाडें उभ्याउभ्या वाळलीं. तेथील लोकांनीं या रोगास 'ट्रिस्टेझा' असें नांव दिलें. त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ खिन्नता. विचित्र गोष्ट अशी कीं, त्याच जातीचीं जीं झाडें जंबेरीच्या खुंटावर होतीं तीं धडधाकट राहिलीं. आंबट संत्र्याच्या खुंटावरचीं तेवढीं मेलीं. रोग दोन्ही ठिकाणीं होता. एका खुंटाला तो सोसला, दुसऱ्याला सोसला नाहीं. 1946 सालीं ब्राझीलमध्यें मेनेगिनी या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, हा रोग काळा मावा हा किडा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. त्याच्या मुळाशीं एक विषाणु आहे.

हा विषाणु आपल्याकडे नव्हता असें नाहीं. तत्कालीन मुंबई राज्यांतील मोसंबी-संत्र्यांच्या ऱ्हासाशीं त्याचा संबंध वासुदेव व कपूर यांनीं 1958 सालीं मांडला, आणि पुढच्याच वर्षीं काळ्या माव्याकडून तो पसरतो असें भारतांतहि सिद्ध झालें. यांपैकीं एस. पी. कपूर हे पुण्यास काम करीत. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1967 सालीं आणखी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. लिंबूवर्गीय झाडांचीं पानें ठिपक्याठिपक्यांनीं पिवळीं करून तीं खंगविणारा 'ग्रीनिंग' नांवाचा रोग भारतांत सिट्रस सायला ही चिमुकली कीड पसरविते, हें त्यांनीं दाखविलें. ग्रीनिंगचें कारण विषाणु नसून एक जिवाणु आहे, हें नंतर कळलें. पण डोळ्यांतून नव्या कलमांत उतरण्याची त्याची रीत तीच.

ब्राझीलची गोष्ट येथें संपली असती तर आमच्या शेजाऱ्यांना भिण्याचें कारण नव्हतें. पण तिला दुसरा अंक आहे. आंबट संत्र्याचा खुंट मरतो म्हणून तेथील बागाइतदारांनीं रंगपूर लिंबाचा खुंट घेतला. हें लिंबू मूळचें आपल्याच देशाकडचें. बंगालमधील रंगपुरावरून त्यास तें नांव पडलें. ट्रिस्टेझा त्याला सोसतो. लोकांना वाटलें, सुटलों. कांहीं वर्षें गेलीं आणि या नव्या कलमांच्या खुंटाची साल तडकूं लागली, तिचे पापुद्रे निघूं लागले, झाडें खुजीं राहिलीं. जुन्या मातृवृक्षांत आणखी एक रोग पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्यानें राहत आलेला होता. जुन्या खुंटानें तो कधीं बाहेर येऊं दिला नाहीं. नव्या खुंटानें तो उघडा पाडला. या रोगाचें नांव एक्सोकॉर्टिस.

एक्सोकॉर्टिसचें कारण शोधतां शोधतां शास्त्रज्ञांस विषाणूहूनहि लहान असें कांहीं सांपडलें. 1971 सालीं अमेरिकेंतील डायनर यांनीं बटाट्याच्या एका रोगाचा अभ्यास करून अशा रोगकारकांस 'व्हायरॉइड' हें नांव दिलें, आणि 1972 सालीं सेमान्सिक व वेदर्स यांनीं एक्सोकॉर्टिसहि त्याच जातीचा असल्याचें दाखविलें. विषाणूंत आनुवंशिक द्रव्याचा धागा असतो व त्यावर प्रथिनाचें कवच असतें. व्हायरॉइडला कवच नाहीं; नुसता धागा, तोहि दोन टोकें जुळून वर्तुळ झालेला. या धाग्यावरील संदेश अक्षरांत मोजला तर ट्रिस्टेझाच्या विषाणूचीं सुमारें 19,300 अक्षरें होतात. एक्सोकॉर्टिसचीं अवघीं 371. एखाद्या पोस्टकार्डावर सहज मावेल एवढ्या मजकुरानें वीस फुटी झाडाला वाढूं न द्यावें, हें नवलच म्हटलें पाहिजे.

आतां आमच्या शेजाऱ्यांचा बेत पुनः पाहा. जंबेरीला एक्सोकॉर्टिस सोसतो. त्यावरचें झाड पस्तीस वर्षें हिरवेंगार राहूं शकतें. रंगपूर लिंबाला तो सोसत नाहीं. जंबेरीवरील न तपासलेल्या झाडाचे डोळे रंगपूर लिंबावर भरणें म्हणजे ब्राझीलचा दुसरा अंक काटोलच्या मळ्यांत पुनः रंगविणें. आणि तें लगेच कळत नाहीं. संत्र्याचें कलम फळाला येण्यास पांच वर्षें लागतात. सालीचे पापुद्रे निघूं लागतात तेंहि त्याच सुमारास किंवा त्यानंतर. पांच वर्षें पाणी घालावें, खत घालावें, आणि पहिल्या बहाराच्या तोंडावर कळावें कीं बाग आजारी आहे. त्यांचें झाड रोगीच आहे असें मी म्हणत नाहीं. मी एवढेंच म्हणतों कीं, त्या झाडाच्या हिरवेपणावरून तें निरोगी ठरत नाहीं.

मग ठरावें कशावरून? ज्या झाडाला रोग सोसतो त्याला विचारून उपयोग नाहीं. ज्याला सोसत नाहीं त्याला विचारावें. तपासणीची जुनी व आजहि मानली जाणारी रीत ही आहे. अशा हळव्या झाडास सूचक झाड म्हणतात. ट्रिस्टेझासाठीं जगभर जें सूचक झाड वापरतात तें आपल्या दारचें कागदी लिंबूच होय. त्याचें बीपासून वाढविलेलें कोवळें रोप घेतात, त्याच्या सालींत संशयित झाडाचे दोनतीन डोळे किंवा सालीचे तुकडे बसवितात आणि रोप थंडशा, कीड येणार नाहीं अशा घरांत ठेवतात. कांहीं आठवड्यांनीं, कधीं कांहीं महिन्यांनीं, नव्या पानांच्या बारीक शिरा जागोजाग फिकट पडतात. पान उजेडापुढें धरलें तर त्या तुटक तुटक, पाणी मुरल्यासारख्या पारदर्शक दिसतात.

एक्सोकॉर्टिसला कागदी लिंबू पुरत नाहीं. त्यासाठीं महाळुंगाच्या कुळांतील एट्रोग नांवाची जात लागते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातांत जें फळ आहे तेंच हें महाळुंग. आणि एट्रोग जातीचें फळ यहुदी लोक आपल्या शरदांतील सणाला पूजेंत घेतात. एट्रोगचें निवडक वाण उष्ण घरांत ठेवून त्यावर ही परीक्षा करतात. डोळ्यांत व्हायरॉइड असेल तर तीन ते सहा महिन्यांत त्याचीं पानें खालीं वळतात, मुरडतात, मधली शीर मागच्या बाजूनें तपकिरी होते. थंडींत हींच लक्षणें लपून राहतात. म्हणजे एकाच झाडाच्या दोन परीक्षांना दोन ऋतु लागतात.

या परीक्षेंत आणखी दोन रोपें ठेवावींच लागतात. एकाला कांहींच टोंचलेलें नसतें. दुसऱ्याला मुद्दाम ओळखीचा रोग दिलेला असतो. पहिलें आजारी पडलें तर घरांत रोग शिरला आहे असें समजावें. दुसरें आजारी पडलें नाहीं तर हवा किंवा रोप चुकलें असें समजावें. दोन्ही वेळां सर्व परीक्षा रद्द करून नव्यानें मांडावी लागते.

थंड प्रदेशांतील पीच, अलुबुखार, जर्दाळू, चेरी या आंत कठीण बाठ असलेल्या फळांच्या संग्रहांतहि हेंच तत्त्व चालतें. तेथें फ्रान्समध्यें निवडलेल्या जीएफ 305 या पीचच्या रोपांना संशयित डोळे बांधतात. जपानी शोभेची शिरोफुगेन नांवाची चेरी आहे. तिच्या फांदीवर रोगी डोळा बसविला तर कांहीं विषाणूंच्या बाबतींत डोळ्याभोंवतीं साल मरते व डिंक वाहूं लागतो. आश्चर्य असें कीं, या फळांना फळांवर डाग पाडून बाधणारा एक व्हायरॉइड आणि लिंबूवर्गांत कॅकेक्सिया हा सालीचा रोग करणारा व्हायरॉइड एकाच जातीचे आहेत. त्याचें नांव मात्र हॉप्स या तिसऱ्याच वेलीवरून पडलेलें आहे. रोगाला आपण केलेल्या फळांच्या याद्या ठाऊक नसतात.

कोणी विचारील, आजच्या काळांत सहा महिने वाट पाहण्याचें काय कारण? प्रयोगशाळेंत दोन दिवसांत उत्तर मिळत नाहीं काय? मिळतें. विषाणूच्या कवचावरून त्यास ओळखणारी एलायझा ही चांचणी स्वस्त आहे व एका वेळीं शेंकडों झाडांस लावतां येते. परंतु व्हायरॉइडला कवचच नसल्यामुळें ती त्याच्यापुढें आंधळी ठरते. त्यासाठीं 2020 च्या करोनाच्या साथींत आपणां सर्वांच्या परिचयाची झालेली आरटीपीसीआर तपासणी उपयोगी पडते. झाडाच्या रसांत जें थोडें असेल त्याच्या असंख्य प्रति काढून ती तें दाखवून देते. तथापि तिलाहि दोन मर्यादा आहेत. ज्या रोगाचें नांव घेऊन आपण विचारतों त्याचेंच उत्तर ती देते. आणि ज्या फांदीचें पान दिलें त्या पानापुरतेंच देते. विषाणु झाडांत सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. म्हणून झाडाच्या चारी बाजूंच्या डहाळ्या घ्याव्या लागतात आणि कांहीं काळानें पुनः तपासावें लागतें. झाडांतील सर्वच संदेश एकदम वाचून काढणाऱ्या नव्या यंत्रांमुळें हें काम पुष्कळ पुढें गेलें आहे. तरीहि यंत्राला जें सांपडलें त्यानें झाडाला खरोखर काय होतें, याचें उत्तर शेवटीं सूचक झाडच देतें.

हें ऐकून आमचे शेजारी खिन्न झाले. म्हणाले, "म्हणजे झाड सदोष निघालें तर वडिलांची ही जात गेलीच म्हणायची?"

सुदैवानें तसें नाहीं. झाडाच्या वाढत्या शेंड्याचें अगदीं टोक, मिलिमीटरचा सुमारें सातवा हिस्सा, बहुधा रोगापासून मुक्त असतें. 1972 सालीं मुराशिगे व 1975 सालीं नवारो व त्यांचे सहकारी यांनीं हें टोक सूक्ष्मदर्शकाखालीं कापून, निर्जंतुक नळींत अंधारांत उगवलेल्या कोवळ्या रोपावर त्याचें कलम करण्याची रीत बसविली. हीस शेंडाकलम म्हणतां येईल. यांत बीची वाट धरावी लागत नाहीं. झाड तेंच, जात तीच, वयहि पुरतें बालपणीं परत जात नाहीं. नागपूर येथें 1985 सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रानें, म्हणजे आजच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनें, ही रीत नागपुरी संत्र्यासाठीं चालविली आहे. शेंडाकलमानें मिळालेलें रोपहि पुनः सर्व परीक्षांतून जातें. उत्तीर्ण झालें तर कीड न शिरणाऱ्या जाळीच्या घरांत त्यास मातृवृक्ष म्हणून ठेवतात, कारण उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ झाडाला मावा व सायला पुनः केव्हांहि गांठूं शकतात. प्रमाणपत्र हें त्या दिवसाचें असतें. तें टिकवावें लागतें.

एक शत्रु मात्र जाळीनें अडत नाहीं. तो म्हणजे माळ्याचा चाकू. एक्सोकॉर्टिस कोणत्याहि किड्यावांचून, केवळ पात्याला लागलेल्या रसानें एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, हें 1967 सालीं गार्न्सी व जोन्स यांनीं दाखविलें. पातें ज्योतीवर धरलें म्हणजे तें शुद्ध झालें, अशी पुष्कळांची समजूत आहे. व्हायरॉइड त्याला पुरून उरतो. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावांत, म्हणजे कपडे शुभ्र करण्याच्या द्रवाच्या पातळ पाण्यांत, पातें बुडवावें, मग स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि गंजूं नये म्हणून तेलाचा हात फिरवावा. एका मातृवृक्षाकडून दुसऱ्याकडे जातांना प्रत्येक वेळीं हें करावें. अगदीं क्षुल्लक वाटणाऱ्या या कामाचा कंटाळा केला तर वर्षानुवर्षांची तपासणी एका दुपारीं फुकट जाते.

कलमें विकत घेणाऱ्यानें म्हणून तीन प्रश्न विचारावेत. डोळे कोणत्या मातृवृक्षाचे आहेत? त्या वृक्षाची तपासणी कोणत्या रोगांसाठीं व केव्हां झाली? आणि खुंट कोणता आहे? 'झाड बघा ना, किती हिरवें आहे,' हें या तिहींपैकीं कोणत्याच प्रश्नाचें उत्तर नव्हे.

आमच्या शेजाऱ्यांनीं त्या वर्षीं कलमें बांधलीं नाहींत. वडिलांच्या झाडाच्या चारी अंगांच्या डहाळ्या तपासणीसाठीं देण्याचें त्यांनीं ठरविलें, आणि पांचशें कलमांसाठीं तपासलेल्या मातृवृक्षाचे डोळे शोधावयास ते लागले. एक वर्ष वायां गेलें असें त्यांच्या घरांत कोणी म्हणालें, तेव्हां ते म्हणाले, "पांच वायां जाण्यापेक्षां एक बरें." वडिलांचें झाड आहे तेथेंच आहे. निकाल कांहींहि लागो, तें तोडावयाचें नाहीं असें त्यांनीं मला दोनदां बजावून सांगितलें. फक्त त्याला लावलेली कात्री दुसऱ्या झाडाला लावावयाची नाहीं.

आणि श्रोतेहो, आपल्या दारांत किंवा गच्चीवरच्या पिंपांत कागदी लिंबाचें झाड असेल तर उद्यां सकाळीं त्याचें एक कोवळें पान उन्हापुढें धरून पाहा. शिरा फिकट दिसल्या तर लगेच निदान करूं नका. खताच्या उणिवेनेंहि पानें रंग बदलतात. ज्या नाजुकपणामुळें हें लिंबू आपल्याला दुबळें वाटतें, त्याच नाजुकपणामुळें जगांतील मोठमोठे संग्रह आपल्या झाडांची साक्ष त्याच्याकडे मागतात, एवढें ध्यानांत ठेवा. मग कात्री धुवून ठेवा.